होडी ओढून न्यायचीय? आधी ट्रेलरचे कागद बघा

होडी घेतली की पहिला प्रश्न येतो, "हिचं पासिंग कुठे करायचं?" रस्त्यापुरतं बोलायचं तर होडी म्हणजे नुसता माल. पासिंग लागतं ते तिच्याखालच्या ट्रेलरला. त्याला इंजिन नसलं तरी मोटार वाहन कायदा १९८८ त्याला मोटार वाहनच मानतो. म्हणजे कलम ३९ प्रमाणे नोंदणी हवी आणि कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमाही. गाडीचा विमा आहे म्हणून निवांत राहू नका, ट्रेलरचा उल्लेख पॉलिसीत करून घ्या.

अर्ज नमुना २० मध्ये करायचा. सोबत विक्री प्रमाणपत्र (नमुना २१), उत्पादकाचं रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र (नमुना २२), विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि चॅसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. हा प्रिंट म्हणजे नंबरावर कागद धरून शिसपेन्सिल घासायची. रंगाचे दोन-तीन हात बसले असले की आकडे उठतच नाहीत, म्हणून कारागिराला तेवढी जागा मोकळी ठेवायला सांगा. पुणे शहरातल्यांनी संगम पुलाजवळच्या एमएच-१२ च्या आरटीओ कार्यालयात जायचं, पिंपरी-चिंचवडकरांनी मोशीला, एमएच-१४ ला. नोंदणीच्या 'वाहन' पोर्टलवर वर्ग निवडताना जपा: व्यावसायिक, शेतीचा आणि खासगी वापराचा ट्रेलर हे वेगवेगळे वर्ग आहेत.

खरी गोची होते ती वेल्डिंगवाल्याकडून स्वस्तात ट्रेलर बनवून घेतला की. ट्रेलर झकास होतो, पण नमुना २२ वर सही कोण करणार? ॲडव्हान्स देण्याआधीच उत्पादकाकडे चाचणीचं मान्यतापत्र मागा. वाहनांची चाचणी करणाऱ्या एआरएआय आणि सीआयआरटी या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत, तेव्हा "बाहेरून आणावं लागतं" ही सबब ऐकून घेऊ नका.

नंबरप्लेटचा नियम गमतीचा आहे. ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूला, आणि मागे ओढणाऱ्या गाडीचा (कलम ६१). मागचा लाल दिवा, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर गाडीबरोबर पेटतात ना, हे निघण्याआधी कुणालातरी मागे उभं करून बघा.

रुंदीची मर्यादा २.६ मीटर. होडी बाजूने किंवा मागे बाहेर आली तर कलम १९४(१अ) खाली दंड २०,००० रुपये. टेप लावताना मागचं इंजिन वर उचलून मोजा, फसगत तिथेच होते. विम्याशिवाय पकडलं गेलात तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

लायसन्स ओढणाऱ्या गाडीच्या वर्गाचं हवं. ट्रेलर जोडला म्हणून ट्रॅक्टरचालकाचं लायसन्स निकामी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं आहे.

इंजिनाची होडी असेल तर अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ खाली तिची नोंदणी वेगळी. आणि खडकवासला किंवा पानशेतच्या पाण्यात उतरवायची तर परवानगी जलसंपदा विभागाची. तिथे ट्रेलरची आरसी दाखवून काही होत नाही.