सुरमईच्या तुकडीमागचा समुद्र

मासे घेताना कल्ल्याचं झाकण उचलून आत लाल आहे ना, हे बघायची सवय मासे खाणाऱ्या बहुतेक घरांत असते. ताजेपणाची खात्री झाली की आपण झाकण सोडून देतो. पुढच्या वेळी बांगडा आणाल तेव्हा साफ करण्याआधी तेच झाकण जरा जास्त वेळ उचलून धरा. लाल कल्ल्यांच्या आतल्या अंगाला, तोंडाच्या बाजूला, पांढुरक्या लांब काड्यांची दाट रांग दिसेल, कंगव्याच्या दातांसारखी. बांगड्याचं नुसतं तोंड उघडलं तरी त्या दिसतात, इतक्या लांब असतात. तारलीत त्या आणखी बारीक आणि आणखी दाट. आणि सुरमईचं डोकं हाती आलं तर तिथे या काड्या जवळजवळ नसतातच. त्याऐवजी जबड्यात चपटे, धारदार दात असतात.

या काड्यांचं काम गाळण्याचं. तारली तोंड उघडं ठेवून पोहते, पाणी कल्ल्यांतून बाहेर जातं आणि पाण्यातले सूक्ष्म जीव आत अडकतात. त्यात डायटम हे एकपेशीय शैवाल असतं आणि त्याच्यावर जगणारे इवलेसे कवचधारी प्राणीही असतात. बांगड्याची गाळणी थोडी जाड, त्यामुळे त्याच्या पोटात प्राण्यांचं प्रमाण बरंच असतं. सुरमई काहीच गाळत नाही, ती तारली आणि मांदेलीसारख्या माशांचा पाठलाग करून त्यांना खाते. समुद्रात कोण कुणाला खातं हे समजून घ्यायला तीन माशांची डोकी पुरतात.

आता सुरमईची एक तुकडी ताटात येईपर्यंत काय काय घडावं लागतं, ते बघू. सुरुवात सूर्यापासून. समुद्रावर पडणाऱ्या प्रकाशातला एक टक्काही तिथलं वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारं डायटमसारखं सूक्ष्म शैवाल, पकडत नाही. जेवढा पकडतं त्यातून साखर बनते, आणि त्यातलाही बराच भाग ते स्वतःच जगण्यासाठी खर्चून टाकतं. उरलेलं प्राणिप्लवकाला, म्हणजे त्यावर जगणाऱ्या इवल्याशा तरंगत्या प्राण्यांना, मिळतं. प्राणिप्लवक पोहतं, पचवतं, अंडी घालतं, त्यात पुन्हा बहुतेक सगळं संपतं. खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा साधारण दहावा भाग त्याच्या शरीरात साठतो आणि पुढच्याला मिळतो. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन पाण्यात जाते, आणि उष्णता झालेली ऊर्जा पुन्हा कुणालाच खाता येत नाही.

‘दहा टक्के’ हा निसर्गाने घालून दिलेला नेम नव्हे. प्रत्यक्षात कुठे पाच टक्के मिळतात, कुठे वीस. पण ढोबळ हिशेबाला दहा चालतात. १ किलो सुरमई वाढायला १० किलो छोटे मासे लागतात, त्या १० किलोंसाठी १०० किलो प्राणिप्लवक आणि त्यासाठी १,००० किलो वनस्पतिप्लवक. तारली मात्र डायटम थेट खाऊ शकते, म्हणून तिचा हिशेब एक-दोन पायऱ्या आधीच संपतो. समुद्रात तारली ढिगाने का मिळते आणि सुरमई मोजकीच का, याचं मोठं कारण हेच. बाजारातला भावही थोडाफार याच पायऱ्यांनी चढतो.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञाने. मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग लेक नावाच्या लहानशा, गाळाने भरत चाललेल्या तळ्यात त्याने काही वर्षं काम केलं. शेवाळ, किडे, मासे, तळाचा गाळ, सगळं मोजलं आणि ते एकाच एककात आणलं, ऊर्जेच्या. तोपर्यंत परिसराचा अभ्यास म्हणजे प्रामुख्याने कोणत्या जाती कुठे राहतात याच्या नोंदी. लिंडेमनचा निबंध परीक्षकांनी आधी नाकारला. तपशील थोडा आणि सिद्धांत फार, अशी त्यांची तक्रार होती. त्याचे मार्गदर्शक हचिन्सन यांनी आग्रह धरला म्हणून तो १९४२ साली छापून आला. तेव्हा लिंडेमन हयात नव्हता. त्याच वर्षी, वयाची २७ वर्षंही पुरी होण्याआधी, तो आजाराने गेला. आज शाळेच्या पुस्तकात ऊर्जेचा जो मनोरा असतो, त्याच्या पायाशी या मुलाने तळ्यातून उपसलेला गाळ आहे. त्याचं नाव तिथे छापलेलं क्वचितच दिसतं, याची मला खंत वाटते.

समुद्रात एक गोष्ट मात्र चक्रावून टाकते. पृथ्वीवर दरवर्षी जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्यातलं जवळपास निम्मं समुद्रात होतं. पण पृथ्वीवरच्या एकूण वनस्पतींचं वजन केलं, तर समुद्रातल्या प्लवकाचा वाटा एक टक्काही भरत नाही. जंगलातलं झाड आपली कमाई लाकडात साठवून शंभर वर्षं उभं राहतं. डायटम दिवसा-दोन दिवसांत दुभंगतो आणि आठवड्याभरात बहुधा कुणाच्या तरी पोटात जातो. त्यामुळे कधी कधी समुद्रातल्या प्राणिप्लवकाचं वजन त्याच्या खाद्यापेक्षा जास्त भरतं. वजनाचा मनोरा असा उलटा होऊ शकतो, ऊर्जेचा कधीच होत नाही.

ऊर्जेचं हे असं, एकदा आली की खर्च होऊन गेली. रोज सूर्य उगवतो म्हणून हे चालतं. नायट्रोजन, फॉस्फरस, लोह यांचं तसं नाही. ते रोज उगवत नाहीत. जे आहेत तेच पुन्हा पुन्हा वापरावे लागतात.

किती लागतात, याचाही हिशेब आहे. आल्फ्रेड रेडफील्ड या शास्त्रज्ञाला १९३०च्या दशकात आढळलं की जगभरच्या समुद्रांत प्लवकाच्या शरीरात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या अणूंचं प्रमाण सरासरीने जवळपास सारखंच असतं. आज ते १०६:१६:१ असं सांगितलं जातं. म्हणजे फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ हवेत. यातलं एखादं जरी कमी पडलं तरी वाढ थांबते, मग ऊन कितीही असो. डायटमला याशिवाय सिलिकाही लागतं, कारण त्याचं कवच काच ज्यापासून होते त्याच पदार्थाचं असतं. सह्याद्रीच्या दगडाची झीज होते तेव्हा त्यातलं सिलिका पावसाच्या पाण्यात विरघळतं आणि नद्यांबरोबर समुद्रात येतं.

मेलेलं प्लवक, प्राणिप्लवकाची विष्ठा, माशांचे अवशेष यांतला बराचसा माल वरच्या थरातच जिवाणू फस्त करतात आणि त्यातली पोषकद्रव्यं पाण्यात मोकळी होतात. हे जिवाणू समुद्रात किती मोठं काम करतात, ते लाहोरमध्ये शिकलेल्या फारूक आझम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलं. त्याआधी समुद्राच्या अन्नसाखळीच्या चित्रात जिवाणूंना फारशी जागाच नव्हती. पण सगळं वर राहत नाही. काही कण खाली बसतात, अंधारात, दोन-तीन हजार मीटर खोल. तिथे ते कुजतात आणि पोषकद्रव्यं मोकळी होतात, पण तिथे ऊन पोहोचत नाही. वर ऊन आहे पण खत संपलेलं, खाली खत आहे पण ऊन नाही. उष्ण समुद्राचा वरचा थर हलका असतो, तो खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहतो आणि ही ताटातूट वर्षानुवर्षं टिकते. निळंशार, आरपार दिसणारं पाणी फोटोत छान दिसतं, पण असं पाणी बहुधा उपाशी असतं.

अरबी समुद्र उपाशी नाही, आणि त्याचं कारण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मोसमी वारा. जूनमध्ये नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे वळतं, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर. ती जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. या दिवसांत सोमालियाच्या किनाऱ्याजवळ पाण्याचं तापमान २० अंशांच्याही खाली उतरतं. त्या पाण्याबरोबर खोलात साचलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट उन्हात येतं आणि समुद्र हिरवा होतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही हे घडतं, पण सौम्यपणे. ते केरळकडून सुरू होतं आणि गोव्यापर्यंत येता येता क्षीण होतं. उत्तरेला हिवाळ्यात वेगळा प्रकार असतो. ईशान्येकडून येणारी कोरडी, थंड हवा पृष्ठभागाचं पाणी थंड आणि जड करते, ते खाली बसतं, थर ढवळले जातात आणि पुन्हा खत वर येतं.

याचा पुरावा समुद्राच्या खोलात मिळाला. १९८६ पासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हॅम्बुर्ग विद्यापीठाबरोबर अरबी समुद्रात खोलवर मोठाली नरसाळी टांगली. नरसाळ्याखाली बाटल्यांची फिरती चकती असते. ठरलेल्या दिवशी एक बाटली मिटते, दुसरी उघडते. वरून पडणारा माल तारीखवार गोळा होतो. बाटल्या वर काढल्या तेव्हा दिसलं की पडणारा माल दोन्ही मोसमांत वाढतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात एकदा, ईशान्येच्या वाऱ्यात पुन्हा. वर वाहणाऱ्या वाऱ्याची नोंद खाली काळोखात अशी बाटलीबंद झाली.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याची पूजा करतात. बंदीचा काळ वादळाचा असतो, तसाच बऱ्याच माशांच्या अंडी घालण्याचाही. आणि याच काळात पाण्यात खत मिसळत असतं, डायटम वाढत असतात, पिल्लांना खाद्य मिळत असतं. हे दोन महिने पाळण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

भरपूर अन्नाची एक किंमतही असते. खाली बसणारा माल कुजताना प्राणवायू खातो. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतचा पट्टा असा आहे की तिथे प्राणवायू जवळजवळ नाहीच. तिथले जिवाणू मग श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. प्लवकासाठी हे सरळ नुकसान. उलट मार्च-एप्रिलमध्ये, समुद्र शांत आणि तापलेला असताना, ट्रायकोडेस्मियम नावाचे सूक्ष्मजीव पृष्ठभागावर तपकिरी तवंगाचे पट्टे धरतात आणि विरघळलेल्या हवेतला नायट्रोजन पुन्हा वापरता येईल अशा रूपात बांधतात. खोलात गमावलेला थोडा नायट्रोजन असा परत येतो, सगळा नाही.

गोव्यात हा प्रकार किनाऱ्याच्या अगदी जवळ दिसतो. कांदोळीसमोर समुद्र जेमतेम २७ मीटर खोल आहे, आणि तिथे १९९७ पासून नियमित मोजमाप होत आलं आहे. पावसाळ्यात खालून वर सरकणारं प्राणवायूविरहित पाणी उथळ तळावर येतं, पण पाऊस आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर वर पसरलेला असल्यामुळे हवेतला प्राणवायू खाली उतरत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाशी कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड तयार होतो. पर्यटक जिथे होड्यांतून फिरतात तिथून हे फार लांब नाही. शेतातून वाहून येणारं नायट्रोजन खत या घुसमटीत भर घालत असावं, असं इथल्या शास्त्रज्ञांनी २००० सालीच सुचवलं होतं.

माणूस या साखळीत कुठे शिरतो? कोकणात आणि गोव्यात जास्तीची तारली माडाच्या मुळाशी खत म्हणून घालायची जुनी पद्धत आहे. खालच्या थंड थरातून वर आलेला फॉस्फरस डायटममधून तारलीत आणि तारलीतून माडात. जमिनीला समुद्राने दिलेलं हे देणं थोडं होतं आणि जवळच्या जवळ फिरत होतं.

आता तीच तारली मोठ्या प्रमाणावर फिशमील कारखान्यांत जाते. तिथे ती वाळवून, दळून कोंबड्या आणि तलावातल्या कोळंबीचं खाद्य होते. यात निव्वळ हिशेबाने नुकसान आहे, कारण खाण्याजोगा मासा आणखी एका तोंडातून गेला की साखळीत एक पायरी वाढते आणि त्या पायरीवर बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जाते. तारली काटेरी आहे, स्वस्त आहे, म्हणून तिला कमी लेखणं मला पटत नाही. केरळात २०१२ साली तारलीची मासळी जवळपास ४ लाख टनांवर गेली होती. २०२१ मध्ये ती काही हजार टनांवर आली. त्यात हवामानाचा वाटा किती आणि लहान पिल्लं ओढून काढण्याचा किती, यावर अजून वाद आहेत, पण दोन्ही कारणं अभ्यासकांनी मांडली आहेत.

आणि तलावातली कोळंबी तरी इथे कुठे राहते? भारतीय कोळंबीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अनेक वर्षं अमेरिका राहिली आहे. गोठवलेल्या कोळंबीच्या कंटेनरमधून प्रथिनं जातात, तसा थोडा नायट्रोजन आणि फॉस्फरसही जातो, आणि तिकडच्या एखाद्या शहराच्या सांडपाण्यातून अटलांटिकमध्ये उतरतो.