आकारस्मृती मिश्रधातू: एकदाच चालणाऱ्या कपलिंगपासून दुमडणाऱ्या पंखापर्यंत

निकेल-टायटॅनियमचा निटिनॉल हा मिश्रधातू विमानात आला तो काही हलवण्यासाठी नव्हे, तर नळ्या घट्ट धरून ठेवण्यासाठी. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी १९५९ च्या सुमारास त्यावर काम सुरू केले. त्याची स्मृती, म्हणजे थंड असताना आकार बदलला तरी तापवल्यावर मूळ आकारात परतण्याचा गुण, पुढच्या काही वर्षांत लक्षात आली. १९७० च्या आसपास रेकेम कंपनीची कपलिंग, म्हणजे दोन नळ्या जोडणारी कडी, एफ-१४ या लढाऊ विमानाच्या टायटॅनियम हायड्रॉलिक नळ्यांवर बसली. कपलिंगचे भोक नळीपेक्षा लहान ठेवायचे, द्रव नायट्रोजनमध्ये ते रुंदावायचे आणि थंड असतानाच नळीवर सरकवायचे. गरम होताना ते आवळते. मेख आहे ती मिश्रधातूत थोडे लोह घालण्यात. त्यामुळे रूपांतराचे तापमान, म्हणजे ज्या तापमानाला धातूची आतली रचना बदलते ते, इतके खाली जाते की उंचावरच्या थंडीतही सांधा सैल होत नाही.

१९९४ च्या क्लेमेंटाइन या चांद्रमोहिमेच्या यानातही काम एकदाचेच होते: जोडलेले भाग सोडवणे. या मिश्रधातूचे आधी दाबून ठेवलेले नळकांडे तापवले की लांबते आणि खाच पाडलेला बोल्ट तोडते. स्फोटकाचा धक्का नाही, पण तापायला वेळ लागतो. त्यामुळे अनेक बोल्ट एकाच क्षणी सुटायला हवेत, तिथे हा मार्ग गैरसोयीचा.

पुन्हापुन्हा हालचाल ही खरी डोकेदुखी. निकेलचे प्रमाण ०.१ अणुटक्क्याने चुकले तरी रूपांतराचे तापमान सुमारे १० अंशांनी सरकते. भाराखाली तापवण्या-थंडावण्याची आवर्तने आधीच दिली नाहीत, तर दर फेरीला आकारातला थोडा बदल कायमचा मुरतो आणि हालचालीचा पल्ला घसरत जातो. एकदाच वापरायचे तर ८ टक्क्यांपर्यंत ताणलेला आकारही पूर्ववत होतो, पण दीर्घायुष्य हवे तर २-३ टक्क्यांवर थांबावे लागते. शिवाय वीज देऊन तापवणे झटपट होते, थंड होणे मात्र हवेच्या मर्जीवर.

बोइंगने २००५ मध्ये ७७७-३०० ईआर वर हीच अडचण कामाला लावली, आणि हा या इतिहासातला सर्वांत चतुर डाव म्हणायला हवा. इंजिनाच्या आवरणाच्या दातेरी कडा उड्डाणावेळी उबेने प्रवाहात वाकत, त्यामुळे आवाज घटे. उंचावरच्या थंडीत त्या आपोआप सरळ होत.

२०१७ मध्ये नासाने पीटेरा या मानवरहित विमानाच्या पंखांची टोके उड्डाणातच ७० अंशांपर्यंत दुमडली. तापवल्यावर पीळ देणारी आकारस्मृती मिश्रधातूची नळी हीच तिथली मोटर. इंजिनालगत मात्र साधा निटिनॉल चालत नाही, कारण त्याचे रूपांतर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आतच होते. पॅलॅडियम किंवा प्लॅटिनम घालून मर्यादा वाढते, पण खर्चही वाढतो. हाफ्नियम त्यामानाने स्वस्त. त्याचा मिश्रधातू मात्र घडवताना तडकण्याची भीती असते.