८२० किलोहर्ट्झ: मनोरा तोच, आवाज दुसरा

अमेरिकेतल्या ओहायो राज्याची राजधानी कोलंबस. तिथे मीडियम वेव्हवर, म्हणजे एएमवर, काटा ८२० ला नेला की २०११ पर्यंत डब्ल्यूओएसयू लागायचं. हे ओहायो स्टेट विद्यापीठाचं सार्वजनिक केंद्र, बातम्या आणि चर्चांचं. विद्यापीठाने ते २० लाख डॉलरला विकलं आणि त्याच काट्यावर सेंट गॅब्रिएल रेडिओ हे कॅथलिक केंद्र ऐकू येऊ लागलं. १९२२ पासून विद्यापीठाकडे असलेला परवाना असा दुसऱ्याच्या नावावर गेला. सुरुवातीला या केंद्राचं नाव डब्ल्यूईएओ होतं, १९३३ मध्ये ते डब्ल्यूओएसयू झालं.

पण ‘केंद्र विकलं’ म्हणजे विकलं काय? वारंवारिता कुणाच्या मालकीची नसते. अमुक अक्षांश-रेखांशावरून, अमुक वारंवारितेवर, दिवसा एवढ्या आणि रात्री एवढ्या शक्तीने प्रक्षेपण करायचं, एवढंच परवान्यात लिहिलेलं असतं. मुदत आठ वर्षांची, मग नूतनीकरण. जमिनीच्या भाषेत बोलायचं तर सातबारा सरकारच्याच नावावर राहतो, बदलते ती वहिवाट. व्यवहारात पैसे मोजले जातात ते या वहिवाटीचे आणि तिच्यासोबत येणाऱ्या लोखंड-तांब्याचे. हे लोखंड-तांबं समजल्याशिवाय धार्मिक प्रसारक अशा परवान्यांना गिऱ्हाईक का होतात, हेही कळत नाही.

एफएमचा मनोरा म्हणजे नुसती काठी. ॲन्टेना छोटी असते, ती उंच धरायला काठी लागते. मीडियम वेव्हवर मनोराच ॲन्टेना असतो. ८२० किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३६६ मीटर, तिचा चौथा हिस्सा साधारण ९१ मीटर. म्हणजे तीस मजली इमारतीएवढा लोखंडी मनोरा नखशिखांत विद्युतभारित. तो चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि ताणतारांमध्येही ठिकठिकाणी इन्सुलेटर घालून त्यांचे तुकडे पाडलेले असतात. पायथ्याचा रोध ५० ओहम धरला आणि ५,००० वॅट सोडले तर पायथ्याशी १० ॲम्पियर धारा वाहते. आवाज चढून मॉड्युलेशन, म्हणजे आवाजानुसार लहरीची उंची कमी-जास्त होणं, १०० टक्क्यांवर गेलं की विद्युतदाब आणि धारा दोन्ही दुप्पट होतात, म्हणजे क्षणिक शक्ती चौपट, २० किलोवॅट. म्हणून पायथ्याभोवती कुंपण असतं, आणि वीज पडली तर ती इन्सुलेटरवरून जमिनीत उतरावी म्हणून दोन धातूच्या गोळ्यांमध्ये बोटभर फट ठेवलेली असते. वरच्या लाल दिव्यांना वीज पोचवायची हाही पेच असतो, कारण साधी वायर ओढली तर प्रक्षेपणाची शक्ती त्याच वायरीने जमिनीत जाईल. त्यासाठी एकमेकांना न शिवणाऱ्या दोन कड्यांचा खास ट्रान्सफॉर्मर लागतो.

निम्मी ॲन्टेना तर जमिनीखाली असते. मनोऱ्यातली धारा परत यायला वाट हवी. माती खराब वाहक, तिच्यातून धारा आली तर शक्ती माती तापवण्यात जाते. ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या आरसीए कंपनीच्या अभियंत्यांनी १९३७ मध्ये तारांची संख्या आणि लांबी बदलून मोजमापं घेतली. त्यातून जो दंडक रूढ झाला तो असा, की मनोऱ्याच्या पायथ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या १२० तांब्याच्या तारा पाव तरंगलांबीपर्यंत पुराव्यात. हिशेब करून पाहा. १२० तारा, प्रत्येकी ९१ मीटर, म्हणजे जवळपास ११ किलोमीटर तार. अडीच मिलिमीटर जाडीची धरली तर पाच क्विंटलच्या आसपास तांबं, तेही वीतभर खोलीवर.

वीतभर खोलीवर पाच क्विंटल तांबं आहे हे अभियंत्यांच्या आधी भंगारचोरांना कळतं. दहा-वीस तारा गेल्या तरी केंद्र बंद पडत नाही, आणि त्यामुळेच चोरी लवकर लक्षात येत नाही. पायथ्याचा रोध वाढतो, तीच शक्ती ठेवली तर धारेचा आकडा घटतो आणि दूरच्या गावांत आवाज दबतो. जमिनीत तारा आहेत हे ठाऊक नसलेल्या ठेकेदाराने चर खणला तरी तेच. जुनं केंद्र घेणाऱ्याचा अभियंता म्हणून आधी पायथ्याचा रोध मोजतो आणि परवान्यातल्या आकड्याशी ताडून पाहतो. स्टुडिओ नंतर पाहिला तरी चालतो.

आता रात्रीचं. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, ‘डी’ थर मीडियम वेव्ह शोषून घेतो, त्यामुळे आकाशाकडे गेलेली लहर परत येत नाही आणि केंद्र जमिनीलगत जाणाऱ्या भूलहरींच्या टप्प्यापुरतंच ऐकू येतं. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग वरचे थर त्याच लहरी आरशासारख्या खाली फेकतात आणि शेकडो किलोमीटर दूरचं केंद्र खणखणीत लागतं. हौशी श्रोत्यांना याची मजा वाटते, परवानाधारकाला नाही. ८२० वर टेक्सासमधल्या फोर्टवर्थचं डब्ल्यूबीएपी ५०,००० वॅटने चालतं. ते कोलंबसपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे. रात्रीच्या आकाशलहरींना संरक्षण असलेल्या वरच्या वर्गातलं हे केंद्र असल्याने त्याच वारंवारितेवरच्या बाकीच्यांना सूर्यास्तानंतर आवाज खाली आणावा लागतो. न्यूयॉर्कचं डब्ल्यूएनवायसी हे सार्वजनिक केंद्रही ८२० वरच आहे आणि तेही यातून सुटलेलं नाही.

शक्ती कमी करणं हा एक मार्ग. दुसरा म्हणजे दोन किंवा अधिक मनोरे उभारून लहरींना दिशा देणं. समजा दोन मनोरे अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे ८२० ला १८३ मीटरवर आहेत आणि दोघांना एकाच वेळी सारखी धारा दिली. त्यांना जोडणाऱ्या रेषेवर एकाची लहर दुसऱ्यापर्यंत पोचेतो उलटी होते आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. आडव्या दिशांना मात्र त्या जोडीने जातात. धारांचं प्रमाण आणि कलांतर, म्हणजे एक धारा दुसरीच्या किती मागे-पुढे आहे ते, बदललं की हा ‘खड्डा’ हव्या त्या दिशेला फिरवता येतो. नियम कडक आहेत. धारांचं प्रमाण परवान्यातल्या आकड्याच्या ५ टक्क्यांत आणि कलांतर ३ अंशांत राहायला हवं. पाऊस, बर्फ, गंजलेला सांधा, इतकंच काय, तीन किलोमीटरच्या आत कुणी नवा मोबाइल मनोरा उभारला तरी खड्डा सरकू शकतो. असा मनोरा उभारणाऱ्याने परिणाम तपासून गरज पडल्यास आपल्या खर्चाने उपाय करायचा, असा नियमच आहे. दिवसाच्या आणि रात्रीच्या शक्तीची अदलाबदल कधी करायची याच्या वेळा परवान्यात महिनेवार, पाव तासाच्या हिशेबाने छापलेल्या असतात. डिसेंबरात ती वेळ संध्याकाळी पाचच्या आसपास येते, नेमके लोक गाडीत बसून रेडिओ लावतात तेव्हा.

विद्यापीठाने केंद्र का सोडलं याचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं एफएममध्ये. २०१० च्या अखेरीस विद्यापीठाने १०१.१ मेगाहर्ट्झवर दुसरं एफएम केंद्र मिळवलं. अभिजात संगीत तिकडे गेलं आणि ८९.७ पूर्णपणे बातम्या-चर्चांना मोकळं झालं. मग त्याच प्रकारच्या कार्यक्रमांसाठी एएम कशाला पोसायचं? ५ किलोवॅटच्या आधुनिक प्रक्षेपकाला दिवसाला साधारण दीडशे युनिट वीज लागते. शिवाय मनोऱ्याची रंगरंगोटी, दिवे, गवत कापणं. गवत कापणं हसण्यावारी नेऊ नये, पायथ्याशी माजलेलं ओलं गवत रोधाचा आकडा हलवतं.

मग हेच ओझं दुसऱ्याला का हवंसं वाटावं? त्याच्या लेखी हिशेब उलटा आहे. एएमचा ध्वनी नियमानेच १० किलोहर्ट्झवर कापलेला, आणि बहुतेक संच त्यातला तीन-चार किलोहर्ट्झच ऐकवतात. व्हायोलिनची यात दुर्दशा होते. प्रवचन, जपमाळ, फोनवरची प्रश्नोत्तरं यांना तेवढं पुरतं. कार्यक्रम तयार मिळतात. अलाबामातलं ईडब्ल्यूटीएन हे कॅथलिक जाळं उपग्रहावरून चोवीस तासांचे कार्यक्रम केंद्रांना फुकट देतं. उपग्रहाचा संच, ध्वनी-प्रक्रियक आणि स्थानिक कार्यक्रमांसाठी एक खोली इतक्यावर केंद्र चालू होतं. पगार मोजकेच, पैसा श्रोत्यांच्या देणग्यांतून. सार्वजनिक केंद्रही देणग्यांवरच जगतं, पण त्याला वार्ताहर पोसावे लागतात.

सगळेच धार्मिक प्रसारक देणगीवर चालत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत सार्वजनिक संस्थेकडचं ९७० किलोहर्ट्झ क्रॉफर्ड ब्रॉडकास्टिंगकडे गेलं. ही ख्रिस्ती कार्यक्रमांची, पण नफ्यासाठी चालणारी कंपनी. असे प्रसारक अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे प्रवचनकारांच्या संस्थांना विकतात. केंद्राला श्रोते किती हे मग दुय्यम ठरतं, तुकडे विकले गेले की झालं.

यात एक आमिष आणखी आहे. २००९ पासून एफसीसीने, म्हणजे तिथल्या दळणवळण आयोगाने, एएम केंद्रांना आपलेच कार्यक्रम छोट्या एफएम पुनःप्रक्षेपकावरून देण्याची मुभा दिली. त्याची कमाल शक्ती २५० वॅट. शहराच्या मध्यावर उंच जागी बसवला तर तो बऱ्याच भागाला पुरतो. मात्र त्याचा जीव एएमवर अवलंबून: एएम बंद, तर पुनःप्रक्षेपकही बंद. त्यामुळे काही ठिकाणी लोक ऐकतात एफएमवर आणि ९० मीटरचा मनोरा उभा असतो तो त्या एफएमचा दाखला म्हणून.

विक्रीवर आक्षेप घ्यायला श्रोत्यांना जागा आहे, पण अरुंद. करार झाल्यावर परवाना हस्तांतरणाचा अर्ज जातो, जाहीर सूचना निघते आणि ३० दिवसांत हरकत नोंदवता येते. मंजुरी मिळाली की ९० दिवसांत व्यवहार पुरा करून कळवायचं. मंजुरीचा आदेश ४० दिवस कुणी आव्हान न देता गेला की अंतिम होतो, आणि सावध खरेदीदार तोवर पैसे सोडत नाही. हरकतीत ‘बातम्या जाऊन प्रवचनं येतील’ असं म्हणून मात्र काही होत नाही. कार्यक्रमांचा प्रकार बाजाराने ठरवावा, आयोगाने नव्हे, हे एफसीसीचं धोरण सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये उचलून धरलं. ‘या खरेदीदारापेक्षा अमुक बरा’ अशी तुलना करायला तर कायद्यानेच आयोगाला मनाई आहे. एफएममध्ये ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिगरव्यापारी शैक्षणिक केंद्रांसाठी राखीव आहे. एएममध्ये तसा राखीव तुकडा नाही, त्यामुळे विद्यापीठाचा परवाना कुणीही घेऊ शकतो. डब्ल्यूओएसयू हे नाव विद्यापीठाने एफएमसाठी ठेवून घेतलं, ८२० ला डब्ल्यूव्हीएसजी हे नवं नाव मिळालं.

विक्री हाच एक मार्ग आहे असंही नाही. न्यूझीलंडमध्ये सार्वजनिक रेडिओच्या एएम जाळ्यावरून संसदेचं कामकाज ऐकवलं जाई, आणि संसद बसलेली नसताना कित्येक वर्षं तेच मनोरे रेमा या ख्रिस्ती संस्थेला भाड्याने दिलेले असत. परवाना सरकारी संस्थेकडेच, वीजबिलाला हातभार. माझ्या मते कोलंबसच्या मार्गापेक्षा हा शहाणपणाचा, कारण एकदा सोडलेला परवाना विद्यापीठाला परत मिळणं जवळपास अशक्य असतं.

भारतात हा प्रश्न या रूपात उभाच राहत नाही. मीडियम वेव्ह खासगी प्रसारकांना कधी खुली झाली नाही, आणि खासगी एफएमच्या धोरणात धार्मिक संस्थांच्या नियंत्रणाखालच्या कंपन्या अपात्र आहेत. इथे मीडियम वेव्ह म्हणजे आकाशवाणी. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर, पुणे ७९२ वर, पणजी १२८७ वर. हे आकडे ९ ने भागून पाहा, बाकी उरत नाही. १९७५ च्या जिनिव्हा योजनेनुसार आपल्याकडे केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर आहे, अमेरिकेत १० चं. अमेरिकेहून आणलेला डिजिटल संच म्हणून ५५० वरून थेट ५६० वर उडी मारतो आणि ५५८ दोन किलोहर्ट्झने हुकून फाटक्या आवाजात लागतं. संचाच्या मागे किंवा मेनूत ९ आणि १० मधली निवड असते, ती बदलली की झालं.

गेल्या काही वर्षांत आकाशवाणीचेही अनेक मीडियम वेव्ह प्रक्षेपक बंद झाले. त्यांची वारंवारिता कुणाला विकली जात नाही, ती जिनिव्हा योजनेत भारताच्याच नावावर राहते. तिथे काटा नेला तर दिवसा एलईडी दिव्यांची आणि मोबाइल चार्जरची खरखर तेवढी असते. रात्री ‘डी’ थर विरला की तिच्यातून त्याच वारंवारितेवरचं दुसऱ्याच कुठल्या देशाचं केंद्र हळूहळू वर येऊ लागतं.