फुगलेल्या डिस्क फायली : मोकळी जागा परत मिळवण्याच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

व्हर्च्युअल मशीनमधून, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकातून, कितीही डेटा पुसला तरी होस्टवरची, म्हणजे ते चालवणाऱ्या खऱ्या संगणकावरची, डिस्क फाइल आहे तेवढीच राहते, ही तक्रार जुनी आहे. पण व्हर्च्युअल मशीनच्या कल्पनेइतकी जुनी नाही. 1972 मध्ये मेनफ्रेमवर आलेल्या व्हीएम/370 मध्ये वापरकर्त्याला मिनीडिस्क म्हणून प्रत्यक्ष डिस्कवरचे ठरावीक सिलिंडर नेमून दिले जात, त्यामुळे फुगण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. तो उद्भवला 1999 नंतर. तेव्हा डेस्कटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनची डिस्क ही होस्टवरची एक फाइल झाली आणि गरजेनुसार वाढू लागली. व्हीएमडीके, व्हीएचडी आणि क्यूकाउ या डिस्क फायलींच्या स्वरूपांची रचना वेगवेगळी असली, तरी एखाद्या ब्लॉकवर प्रथम लिहिले जाते तेव्हा त्याला फाइलमध्ये जागा द्यायची, हा नियम तिन्हींत समान होता. दिलेली जागा परत कधी घ्यायची, याला मात्र उत्तर नव्हते. गेस्टमधली, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधली, फाइल पुसली की तिथली फाइल सिस्टीम केवळ आपल्या नोंदी बदलत असे. त्या काळच्या चुंबकीय डिस्कला हे कळवण्याची गरज नव्हती, म्हणून कळवण्याची आज्ञाही नव्हती. आणि जे खऱ्या डिस्कला कळत नसे ते आभासी डिस्कलाही कळत नसे.

त्यामुळे पहिले दशकभर एकच उपाय प्रचलित होता: गेस्टमधली रिकामी जागा शून्यांनी भरायची, मशीन बंद करायचे आणि होस्टवरून फाइल आवळायची. त्यातली अडचण अशी की शून्ये लिहिताना अनेक स्वरूपांत फाइल आधी पूर्ण क्षमतेपर्यंत वाढते. म्हणजे होस्टवरची जागा संपत आली म्हणून हा उपाय करायला जावे, तर उरलेली जागा त्यातच संपायची.

2009 च्या सुमारास परिस्थिती दोन बाजूंनी बदलली. सॉलिड स्टेट ड्राइव्हला कोणते ब्लॉक रिकामे झाले हे कळवणारी ट्रिम ही आज्ञा विंडोज 7 मध्ये आणि पाठोपाठ लिनक्समध्ये आली. सर्व्हरना जोडलेल्या मोठ्या स्टोरेज यंत्रणांसाठी तेच काम करणारी अनमॅप ही आज्ञा होती. त्याच सुमारास सर्व्हरवर थिन प्रोव्हिजनिंग, म्हणजे जागा आधी राखून न ठेवता लागेल तशी देणे, सर्रास वापरात आले, आणि प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा अधिक जागा मशीनना वाटून देण्याची प्रथा पडली.

या पार्श्वभूमीवर 2011 चा निर्णय पाहावा लागतो. सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनमधल्या सर्वाधिक प्रचलित प्रणालीने, व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरने, त्या वर्षी व्हीएमएफएस 5 या आपल्या फाइल सिस्टीमसोबत अनमॅप आपोआप पाठवण्याची सोय दिली. मशीन हलवले किंवा पुसले की डेटास्टोअरवर, म्हणजे मशीनच्या डिस्क फायली ठेवण्याच्या जागेत, रिकामी झालेली जागा स्टोरेजला तत्काळ परत कळवली जाई. मात्र अनेक स्टोरेज ही आज्ञा फार सावकाश पाळत. मशीन एका डेटास्टोअरवरून दुसऱ्यावर हलवणे किंवा स्नॅपशॉट (मशीनची एका क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) पुसणे अशी नेहमीची कामे तिच्यापायी मुदतीत पुरी होईनात, तेव्हा काही महिन्यांतच ही सोय बंद करण्यात आली. तिच्या जागी आलेली हाताने चालवायची आज्ञा डेटास्टोअरवरच्या रिकाम्या जागेचा ठरावीक टक्के भाग व्यापणारी तात्पुरती फाइल तयार करून तेवढी जागा परत करत असे. टक्केवारी चढी ठेवली की डेटास्टोअर भरण्याची वेळ येई. 2013 मध्ये थोड्या थोड्या ब्लॉकनी काम करणारी अधिक सुरक्षित आज्ञा आली. स्वयंचलित सोय 2016 मध्ये व्हीएमएफएस 6 सोबत परतली, तीही मंद गतीने, मागच्या मागे काम करणारी. 2011 मध्ये ती थांबवणे योग्यच होते. परंतु मंद गतीचा हा साधा तोडगा निघायला पाच वर्षे लागली, आणि तोवर सारा भार प्रशासकांवर टाकला गेला, याचे समर्थन करणे कठीण आहे.

शिवाय ही सोय डेटास्टोअर आणि स्टोरेज यांच्यातली होती. गेस्टने पुसलेली जागा डिस्क फाइलमधून सुटणे हा निराळा टप्पा असून तो 2015 मध्ये सुरू झाला. तोही आरंभी अर्धवटच होता: लिनक्स गेस्टना लाभ नव्हता, आणि बॅकअपसाठी बदललेल्या ब्लॉकची नोंद ठेवणारी सोय चालू असलेल्या डिस्कही वगळल्या होत्या. बॅकअप न घेतली जाणारी महत्त्वाची मशीन किती असतील, याचा विचार केल्यास ही सवलत कोणासाठी होती असा प्रश्न पडतो. हे दोन टप्पे एकच समजल्याने आजही निदान चुकते. डेटास्टोअर रिकामे दिसते आणि स्टोरेज भरलेले, किंवा गेस्ट रिकामा दिसतो आणि फाइल भरलेली. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

स्नॅपशॉटमुळे होणारी वाढ त्याहून वेगळी. स्नॅपशॉटनंतरचे प्रत्येक लेखन नव्या डेल्टा फाइलमध्ये जाते आणि ती मूळ डिस्कच्या आकारापर्यंत पोहोचू शकते. यादीत स्नॅपशॉट नसूनही डेल्टा शिल्लक राहण्याचे प्रकार इतके होते की 2011 मध्ये एकत्रीकरणाची स्वतंत्र आज्ञा द्यावी लागली.

मुक्त स्रोत प्रणालींनी निवड प्रशासकावर सोपवली. क्यूईएमयूमध्ये डिस्कार्ड हा पर्याय स्पष्टपणे चालू केल्याशिवाय गेस्टची सूचना दुर्लक्षितच राहते, आणि व्हर्टिओ-ब्लॉक या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या डिस्क प्रकाराला ती 2019 पर्यंत समजतही नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या 2012 च्या व्हीएचडीएक्स स्वरूपाने 64 टीबीपर्यंतची डिस्क आणि अनमॅप दोन्ही आणले. असे असूनही 2020 पासून विंडोजमधल्या लिनक्स सबसिस्टीमची दुसरी आवृत्ती हेच स्वरूप वापरू लागली, तेव्हा न आकसणारी फाइल सामान्य वापरकर्त्याच्याही वाट्याला आली. 2023 मध्ये तेथे ही फाइल स्पार्स, म्हणजे रिकाम्या भागांसाठी डिस्कवर जागा न अडवणारी, करण्याचा पर्याय आला. पुढे डेटा खराब होण्याच्या शक्यतेमुळे तो रोखण्यात आला आणि वापरणाऱ्याने धोका स्वीकारत असल्याचा वेगळा पर्याय आज्ञेला जोडल्याशिवाय तो चालेनासा झाला. त्यामुळे सबसिस्टीम पूर्ण बंद करून फाइल हाताने आवळणे, हा जुनाच मार्ग तेथे पुन्हा सांगितला जातो.