लाल कोर्ट आणि पाण्याचं गणित

9 जून 2024 ला जर्मनीतल्या हाइलब्रोनमध्ये भारताच्या टेनिसपटू सुमित नागलने तीन सेटमध्ये अंतिम सामना जिंकला आणि दुसऱ्या दिवशीच्या जागतिक क्रमवारीत तो 77वा झाला. पॅरिस ऑलिंपिकचे थेट प्रवेश त्याच क्रमवारीवरून ठरले. ही स्पर्धा एटीपी चॅलेंजर मालिकेतली, म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या दुसऱ्या पायरीवरची. त्या वर्षी गट 100 चा, म्हणून विजेत्याला 100 गुण मिळाले. ती एका टेनिस क्लबच्या क्ले कोर्टांवर झाली. अशा स्पर्धेत खेळाडूंइतकंच लक्ष देण्यासारखं दुसरं काही असेल, तर ते म्हणजे कोर्टातली ओल.

नावात 'क्ले' असलं तरी वर चिकणमाती नसते, भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी असते. जर्मन पद्धतीत तिचा थर साधारण दोन-तीन सेंटीमीटरचा. त्याखाली सच्छिद्र लाव्हा खडकाचा चुरा, जो पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू वर देतो. सर्वांत खाली निचऱ्यासाठी खडी. पृष्ठभागाला जेमतेम अर्धा टक्का उतार असतो. पॅरिसच्या रोलाँ गॅरोसवर रचना वेगळी आहे. तिथे सुरखी फक्त एक-दोन मिलिमीटर आणि तिच्याखाली चुनखडीचा घट्ट थर.

सुरखीचे कण एकमेकांना धरून राहतात ते कणांमधल्या पाण्याच्या सूक्ष्म पुलांमुळे. पाण्याचा पृष्ठताण कणांना जवळ ओढतो. चौपाटीवर लाटांच्या कडेची वाळू पायाखाली घट्ट लागते आणि वरची कोरडी वाळू खचते, त्यामागचं कारण हेच. पाणी आटलं की पूल तुटतात. पाणी फार झालं की कणांमधली सगळी पोकळी भरते, ओढणारा पृष्ठभागच उरत नाही आणि चिखल होतो. मधला पट्टा अरुंद आहे आणि जूनच्या उन्हात तो तासाभरात निसटू शकतो.

चेंडूचं काय होतं, ते एका ढोबळ हिशेबाने पाहू. समजा फिरकी नसलेला चेंडू आडव्या दिशेत सेकंदाला 30 मीटर आणि खालच्या दिशेत 6 मीटर वेगाने आदळला. घर्षणांक आणि उसळीचा गुणांक (टप्प्यानंतर उभा वेग किती पट उरतो तो आकडा) क्लेसाठी 0.8 व 0.85 धरा, गवतासाठी 0.6 व 0.75. टप्प्यानंतर गवतावर आडवा वेग ताशी सुमारे 85 किलोमीटर उरतो, क्लेवर 76. क्लेवरची उसळी मात्र सुमारे 1.3 मीटर, गवतावर 1 मीटर. चेंडू हळू येतो आणि उंचही येतो, म्हणून परतवणाऱ्याला वेळ मिळतो. शिवाय चेंडू पुढे सरकताना समोर सुट्या कणांचा छोटा ढीग साचतो आणि तोही त्याला वर ढकलतो.

हिवाळ्यात कोर्टातलं पाणी गोठून वरचा थर फुगतो, भुसभुशीत होतो. म्हणून वसंतात जुना निर्जीव थर खरवडून काढतात, दर कोर्टाला साधारण दोन टन नवी सुरखी पसरतात, पाणी मारतात आणि रोलर फिरवतात. कोर्टाचं क्षेत्र, बाजूच्या मोकळ्या जागेसह, सुमारे 670 चौरस मीटर. म्हणजे हे दोन टन मिळून जेमतेम दोन मिलिमीटर भरतात! रोलरची वेळ चुकली तर कामच वाया जातं. ओल जास्त असेल तर सुरखी रोलरला चिकटून उचलली जाते, कमी असेल तर दबतच नाही.

पाण्याचा हिशेब सोपा आहे: या क्षेत्रावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 670 लिटर. सकाळी खालच्या थरापर्यंत मुरेल असं भरपूर पाणी द्यायचं, सेटच्या मध्ये फक्त धूळ बसेल इतका फवारा. नुसत्या वरवरच्या फवाऱ्यावर दिवस काढला तर वर ओलसर साय दिसते, खाली थर कोरडा राहतो आणि खेळाडूच्या पहिल्या घसरणीला पापुद्रा सुटतो. कोर्ट सपाट करायची जाळी ओढतानाही कडेपासून गोल गोल आत यायचं, म्हणजे बाहेर उडालेली सुरखी परत येते. अगदी कोरड्या कोर्टावर जाळी ओढली तर बारीक कण वाऱ्यावर जातात आणि मागे उरलेले जाडे कण बुटाखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात.

सर्वाधिक झीज बेसलाइनमागे होते. खड्ड्यात कोरडी सुरखी टाकून पाय फिरवणं ही नेहमीची चूक. ती जुन्या थराशी सांधत नाही. खड्डा आधी खरवडायचा, भिजवायचा, ओली सुरखी भरून ठोकायची. रेषांसाठी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या कडेची माती झिजली तर पट्टी एक-दोन मिलिमीटर वर राहते आणि तिच्या कडेवर पडलेला चेंडू भलतीकडे उडतो.

रेषापंच असलेल्या क्ले कोर्टावर चेंडूचा ठसा हा पुरावा असतो, आणि तोही ओलीवर अवलंबून. योग्य ओलीत लंबगोल ठसा स्वच्छ उमटतो, कोरड्यात कडा ढासळतात. पंचाला ठसा वाचता आला नाही तर मूळ निर्णय कायम राहतो. पंचाच्या अंतिम निर्णयाआधी खेळाडूने ठसा पुसला, तर निर्णय त्याच्या विरुद्ध गेला असं धरतात.