ओत कुत्यूर

ओत कुत्यूर : पॅरिसमधील मोजक्या शिवणघरांत एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने, बहुतांशी हाताने शिवल्या जाणाऱ्या वस्त्रांची परंपरा. ‘कुत्यूर’ म्हणजे शिवणकाम, ‘ओत’ म्हणजे उंची. लग्नसराईच्या जाहिरातींत आपल्याकडे कुठल्याही महाग लेहंग्याला ‘कुत्यूर’ म्हणतात. फ्रान्समध्ये मात्र ‘ओत कुत्यूर’ हे नाव १९४५ पासून कायद्याने राखीव आहे आणि ते कोणी लावायचे याची यादी दरवर्षी नव्याने ठरते. नियमांचा भर शिवणघरावर आहे. पॅरिसमध्ये स्वतःचे शिवणघर हवे, तिथे किमान २० कुशल कारागीर हवेत आणि जानेवारी व जुलै अशा दोन हंगामांत प्रत्येकी किमान २५ पोशाख दाखवायला हवेत. चांगली चित्रे काढणारा डिझायनर तेवढ्यावर या यादीत बसत नाही.

या धंद्याची सुरुवात चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसापासून धरतात. त्याने १८५८ मध्ये पॅरिसच्या र्यू द ला पे या रस्त्यावर भागीदारीत दुकान काढले. तोवर बाई कापड घेऊन येई आणि काय शिवायचे ते शिंप्याला सांगे. वर्थने हे उलटे केले. नमुने आधी तयार करून जिवंत मॉडेलच्या अंगावर दाखवायचे आणि गिऱ्हाइकाने त्यातून निवडायचे. कपड्यात आपल्या नावाची पट्टी शिवण्याची चालही त्याने रूढ केली.

डिझायनरची कारकीर्द सहसा दुसऱ्याच्या नावाखाली सुरू होते. क्रिस्तियाँ दियोर आधी सुटी रेखाटने विकत असे. पुढे त्याने रोबेर पिगे आणि ल्यूसियाँ ललाँ यांच्याकडे नोकरी केली. १९४६ मध्ये कापडगिरण्यांचा मालक मार्सेल बुसाक याच्या भांडवलावर त्याने स्वतःचे घर, म्हणजे आपल्या नावाची पेढी, उघडले. १२ फेब्रुवारी १९४७ च्या पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी त्याचे वय ४२ होते. युद्धकाळातल्या रेशनिंगने आखूड झालेले घागरे त्याने पुन्हा पोटरीपर्यंत आणि मोठ्या घेराचे केले. कापडगिरण्यांच्या मालकाला ते अर्थातच मानवले. १९५७ मध्ये दियोर वारला तेव्हा त्याचा मदतनीस ईव्ह सें लॉराँ २१ वर्षांचा होता, आणि घर त्याच्याच हाती आले. सें लॉराँने १९६२ मध्ये स्वतःच्या नावाने पहिला संग्रह दाखवला आणि २००२ मध्ये निवृत्ती घेतली. दियोरच्या घरात त्याच्यामागून बोआँ, फेरे, गलियानो, सिमन्स, किउरी आणि २०२५ पासून अँडरसन असे डिझायनर बदलत गेले. त्या मानाने शिवणघरातली माणसे आपल्या जागी पुष्कळ जास्त टिकतात, आणि नव्या डिझायनरला घराची शिवण तीच शिकवतात.

डिझायनरचे काम रेखाटनापाशी थांबते, तिथे शिवणघराचे सुरू होते. शिवणघराचे दोन भाग असतात. ‘तायर’मध्ये कोट, जाकिटे असे बांधेसूद काम होते, तर ‘फ्लू’मध्ये शिफॉन, क्रेप अशा झुळझुळीत कापडाचे. प्रत्येक भागाची प्रमुख ‘प्रमिएर’ चित्र वाचून मांजरपाटासारख्या पांढऱ्या सुती कापडात पोशाखाचा कच्चा अवतार उभा करते. त्याला ‘त्वाल’ म्हणतात. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे पुतळे कापसाचे थर गुंडाळून त्यांच्या मापाचे केलेले असतात. बाई जाड झाली की पुतळ्यावर एक थर वाढतो. त्वालवर उभा आणि आडवा धागा रंगीत दोऱ्याने दाखवतात, कारण पुढे खऱ्या कापडाचा तुकडा त्याच रेषेवर ठेवायचा असतो. ही रेषा बोटभर सरकली तरी घागऱ्याची एक बाजू पुढे फिरते आणि ती इस्त्रीने दुरुस्त होत नाही.

पहिली फिटिंग बहुधा त्वालचीच होते. मुंढा (बाही जोडायची गोलाई), खांदा, कमरेची उंची यांच्या चुका तिथे टाचण्यांनी धरतात, त्वाल उसवून सपाट करतात आणि त्यावरून रेशमाला कात्री लागते. मग कच्चे टाके घालून दुसरी फिटिंग, आणि गरज पडली तर तिसरी. मुंढ्याची गंमत अशी, की हात सहज वर जावा म्हणून तो मोठा केला तर उलट होते. हात उचलताच सगळे जाकीट वर खेचले जाते. काखेजवळ उंच आणि आटोपशीर कापलेला मुंढाच हाताला मोकळा सोडतो.

तिरप्या कापलेल्या कापडाचा त्रास वेगळा. ताण्याशी, म्हणजे उभ्या धाग्याशी, ४५ अंशांत कापलेला क्रेप स्वतःच्या वजनाने लांबतो, पण सगळीकडे सारखा नाही. म्हणून पोशाख निदान एक रात्र टांगून ठेवतात आणि मगच जमिनीपासून माप घेऊन खालची कड कापतात. घाईने आधीच तुरपाई केली, तर आठवडाभराने घेर लाटांसारखा वरखाली दिसतो. मखमलीचे सगळे तुकडे लवेची दिशा एकच धरून कापावे लागतात, नाहीतर एकाच थानातल्या दोन पाकळ्या दोन रंगांच्या वाटतात.

भरतकाम तुकडे जोडण्यापूर्वी, कापड चौकटीवर ताणून होते. कागदावरच्या नक्षीला बारीक भोके पाडून भुकटीने ती कापडावर उतरवतात. मुंबईचे कारागीर या कागदाला खाका आणि चौकटीला अड्डा म्हणतात. आकडीच्या सुईने साखळीटाका घालण्याची आरीची रीत अठराव्या शतकात पूर्वेकडून फ्रान्समध्ये पोचली. पुढे लुनेव्हिल गावात तिच्यावर मणी-टिकल्यांचे काम बसले. तिथे कापडाची उलटी बाजू वर ठेवतात, म्हणजे मणी खालच्या अंगाला, कारागिराच्या नजरेआड, बोटांच्या अंदाजाने बसतात. दाट भरतकामाने कापड आकसते. त्यामुळे तुकडा मापापेक्षा मोठा ठेवून, भरून झाल्यावर पुन्हा नमुन्याशी ताडून कापतात. शिवणीची रेघ कोरी सोडतात आणि जोड झाल्यावर तिच्यावरचे मणी हाताने भरतात. चांगल्या कामात जोड कुठे आहे ते सापडत नाही.

जानेवारी २०२० मध्ये राहुल मिश्रा हे पॅरिसच्या ओत कुत्यूर सप्ताहात संग्रह दाखवणारे पहिले भारतीय डिझायनर ठरले. त्याच सप्ताहात दियोरच्या मंडपात टांगलेले भरतकामाचे पडदे मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमध्ये तयार झाले होते. ३० मार्च २०२३ रोजी दियोरने गेटवे ऑफ इंडियापुढे संग्रह दाखवला, पण ते तयार कपडे होते, ओत कुत्यूर नव्हे.

एवढी मजुरी मोजणारी गिऱ्हाइके जगभरात थोडीच आहेत. त्यामुळे बहुतेक मोठ्या घरांचे पोट अत्तरे, पिशव्या आणि तयार कपडे यांवर चालते. दियोरने पहिले अत्तर १९४७ मध्येच काढले होते.

पोशाख चांगला शिवला आहे का, हे पाहायला तो उलटा करावा. कमरेला आतून एक जाड, ताठ फीत असते. ती आधी बंद करायची आणि मग वरचा पोशाख, म्हणजे घागऱ्याचे वजन खांद्यावर न येता कमर पेलते. शिवणीत दोन-तीन सेंटिमीटर माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असते. काही वर्षांनी बाई तोच पोशाख घेऊन परत आली, की शिवण उसवून त्या मायेतून तो सैल करतात.