फाहियान कोणता आणि ह्युएनत्सांग कोणता?

दोघंही चिनी, दोघंही बौद्ध भिक्खू, दोघंही ग्रंथांच्या शोधात भारतात आलेले, त्यामुळे एमपीएससीचा अभ्यास करणारे पण गडबडतात आणि फाहियानला नेऊन हर्षाच्या दरबारात बसवतात. अहो, मध्ये सव्वादोनशे वर्षं गेलीयत! फाहियान निघाला 399 मध्ये, इकडे तेव्हा गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त. ह्युएनत्सांग निघाला 629 च्या सुमारास, तो हर्षवर्धनाचा काळ.

पण सनावळीपेक्षा कोण कशासाठी आला ते बघा, मग गोंधळ होत नाही. फाहियानला हवा होता विनय, म्हणजे संघात भिक्खूंनी कसं वागायचं त्याचे नियम, कारण चीनमध्ये ते अर्धवटच पोचले होते. साठीच्या आसपासचा माणूस पामीरचे डोंगर ओलांडून आला, उत्तरेत बघतो तर सगळं तोंडपाठ, लिखित पोथी कुठंच नाही, ती मिळाली पाटलिपुत्रात. मग तीन वर्षं तिथंच राहून संस्कृत शिकला आणि नियम उतरवून घेतले. श्रीलंकेहून समुद्रमार्गे परत जाताना जहाजात पाणी शिरलं, व्यापारी माल फेकायला लागले, यानंही स्वतःची भांडी टाकून दिली पण धास्ती एकच, की आता हे लोक माझ्या पोथ्यांना हात घालणार. पोथ्या बचावल्या, 412 ला तो चीनला पोचला.

ह्युएनत्सांगची केस वेगळी. वय तिशीच्या आतबाहेर, बादशहाची बंदी असताना गुपचूप सटकलेला. चीनमधले पंडित एकाच मुद्द्यावर उलटसुलट सांगायचे म्हणून याला योगाचाराचं, म्हणजे बौद्धांमधल्या एका पंथाचं, तत्त्वज्ञान मुळातून शिकायचं होतं, त्यासाठी नालंदात तिथले आचार्य शीलभद्र यांच्यापुढे बसला. परतताना सिंधू नदीत काही पोथ्या गेल्या, तरी 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन पोचला, आणि मरेपर्यंत भाषांतरं करत बसला. माकडवाली ती फेमस चिनी गोष्ट, 'जर्नी टू द वेस्ट', याच्यावरच बेतलेली.

आणि हो, महाराष्ट्रात आला तो हाच. फाहियान दख्खनला आलाच नाही, वाट अवघड आणि राजाला नजराणा दिल्याशिवाय वाटाडे मिळत नाहीत म्हणे, त्यामुळे डोंगरात कोरलेल्या पाच मजली विहाराबद्दल त्यानं लिहिलंय ते सगळं ऐकीव. ह्युएनत्सांग मात्र चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला. इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत, सूड घ्यायचा तरी आधी शत्रूला कळवून घेतात, लढाईआधी हत्तींना दारू पाजतात असं त्यानं लिहून ठेवलंय. हर्षाची फौज इथं चालली नाही हेही लिहिलं, आणि लिहिणारा स्वतः हर्षाचा पाहुणचार घेऊन गेलेला!